रात्री धुतलं, सकाळी कोरडं

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

पलंगावर मांडलेल्या सामानाचा तुझा फोटो पाहिला. दोन जीन्स, होजिअरीच्या डझनभर निकर, पॅडेड ब्रा, सुती कुर्ते, आणि त्या सगळ्यावर ‘बांबू’ छापलेलं ते महागडं पाकीट. खाली तुझा प्रश्न: ‘डॉक्टर म्हणतात आतलं सगळं कॉटनचंच घाल, फिरणारे म्हणतात कॉटन नेऊच नको. मावशी, कोणाचं ऐकू?’

सात-आठ महिने बाहेर राहणार आहेस. मेघालय, अरुणाचल, मग केरळ आणि शेवटी हिमाचलातलं स्पिती. जावं की न जावं हे तुला माझ्याकडून ऐकायचं नाही, मलाही सांगायचं नाही. फक्त एकच गोष्ट सांगते आणि ती या पत्रात पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस. रात्री धुतलेलं सकाळी कोरडं अंगात घालता आलं पाहिजे. जे येत नाही ते सामानात जाणार नाही, मग ते कितीही सुंदर असो, कोणीही भेट दिलेलं असो.

आता डॉक्टरांचं म्हणणं. ते बरोबरच आहे, पण ते घरी राहणाऱ्या बाईसाठी आहे. तिच्या कपाटात वाळलेल्या निकरांची चळत असते. सूत घाम शोषतं, त्वचेला मऊ लागतं, हवा खेळती ठेवतं. पण हे सगळं कोरड्या सुताबद्दल. तेच सूत ओलं झालं की पाणी सोडत नाही. प्रयोगशाळेच्या मोजमापात, म्हणजे २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत, वाळलेलं सूतसुद्धा आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओल हवेतून धरून बसतं. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आता आपल्या नाशिकच्या जुलैत गॅलरीतला टॉवेल दुसऱ्या दिवशीही कुबट का येतो ते आठव, आणि मग मेघालयातल्या मॉसिनरामचा विचार कर. तिथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या होमस्टेच्या खोलीत तुझी जाड होजिअरीची निकर तिसऱ्या दिवशी वाळेल, आणि दुसऱ्या दिवशी तू ती ओलसरच चढवशील. सगळ्या मुली तेच करतात. मग जांघेत खाज, मग गजकर्ण.

गजकर्णाबद्दल थोडं रागावूनच लिहिते. मेडिकलमधून विचारून आणलेलं, स्टेरॉईड मिसळलेलं मलम लावू नकोस. चार दिवस खाज थांबते, डाग फिका पडतो, आणि बुरशी आत पसरत राहते. औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव मिळालं, त्यात आपल्या देशाचं नाव आहे. खाज सुरू झाली तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आणि मुळात ओलं घालू नकोस.

डॉक्टर आणि फिरणारे, दोघांचं ऐकता येतं. बाहेरचं कापड पातळ नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं, थोडं लायक्रा असलेलं, आणि मधली आतली पट्टी सुती, अशी निकर मिळते. जिथे सूत हवं तिथे आहे, बाकीचं रात्रीत वाळतं. तुझं ‘बांबू’ मात्र परत कर. पाकिटाच्या आतली चिठ्ठी वाच, तिथे बहुतेक ‘व्हिस्कोस’ लिहिलेलं असेल. बांबूचा लगदा करून काढलेला धागा तो. लागतो रेशमासारखा, पण सुतापेक्षाही जास्त पाणी धरतो आणि ओला असताना कमकुवत होतो, पिळताना फाटतो. मोडालही त्याच घरातलं. नाव कोणतंही असो, चिठ्ठी वाच.

पण नुसत्या धाग्यावर जाऊ नकोस. जाडी तितकीच महत्त्वाची. आपला पंचा सुतीच ना? तरी टर्किश टॉवेलच्या कितीतरी आधी वाळतो, कारण विरळ आणि पातळ विणलेला. म्हणून टॉवेल ठेव घरी, पंचे दोन घे. टी-शर्टच्या कापडाचं वजन ‘जीएसएम’ म्हणून, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असं, लिहिलेलं असतं, १२० ते १४० च्या दरम्यान घे. १८० चा नेहमीचा कॉलेजचा टी-शर्ट नको.

दुकानात काहीही ठरवायचं नाही. एक निकर, एक ब्रा, एक टी-शर्ट विकत घे आणि घरी परीक्षा घे. रात्री नऊला धू. पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यात घालून गुंडाळी कर आणि पंच्यासकट घट्ट पीळ, बरंच पाणी तिथेच जातं. मग बाथरूममध्ये, पंखा नसताना, दार लावून वाळत घाल. मेघालयाची खोली याहून बरी असेल असं धरू नकोस. सकाळी सहाला हात लाव, आणि मधल्या कापडाला लावू नकोस, ते कोरडंच असतं. कमरेचं इलॅस्टिक चिमटीत धर. जोडशिवण धर. ब्राची कपाची कड धर. ओल तिथे लपते. तिथे गार लागलं तर ते कापड नापास. पॅडेड ब्रा तर हटकून नापास होईल, आतला फोम पाणी पितो. बिनपॅडची, पातळ, हुक नसलेली स्पोर्ट्स ब्रा घे, दोनच.

मी ट्रेकला नेते तेव्हा मुलींच्या पिशव्या आदल्या दिवशी उघडायला लावते, हे तुला माहीत आहे. लोकांना ते आवडत नाही. एकदा हरिहर किल्ल्यावर जाताना एका मुलाला मी जीन्समध्ये येऊ दिलं नाही, त्याचे वडील मला बरंच बोलले. मी आजही तेच करीन. जीन्स एकदा भिजली की दिवसभर मांड्यांना चिकटते, गुडघा वाकू देत नाही आणि कातळातल्या पायऱ्यांवर गुडघा वाकलाच पाहिजे. मला हेकट म्हणणाऱ्यांनी पावसात हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर एकदा तरी भिजलेल्या माणसाला खाली उतरवून बघावं.

हेकटपणाची मुळं पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आहेत. तिथे बायकांच्या आतल्या कपड्यांना ऊन कधी दिसलं नाही. बोळातल्या दोरीवर, त्यावर ओला परकर, त्यावर टॉवेल. पुरुष माणसांना दिसू नये म्हणून. आई, काकू, आत्या, सगळ्या जणी वर्षानुवर्षं तेच दमट घालत आणि खाज मुकाट सोसत. माझं तरुणपण त्याच बोळात गेलं. फिरायला बाहेर पडले ती फार उशिरा, नोकरी आणि मुलं यांतून सुटल्यावर, तेव्हा गुडघे कुरकुरू लागले होते. ती वर्षं मला परत मिळणार नाहीत आणि त्याचं दुःख आहेच. म्हणून तुझ्यावर इतकी ओरडते.

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, सिन्नर, नगर, करमाळा करत पंढरपूरला जाते. काही टप्पे मी चालले आहे. नऊवारी वाळवायला दोघी जणी दोन टोकं धरून वाऱ्यात उभ्या राहतात, लुगडं फडफडतं, गप्पा चालू असतात आणि बघता बघता लुगडं कोरडं होतं. ऊन नसलं तरी चालतं, वारा हवा. तूही लाजू नकोस. निकर टॉवेलखाली लपवलीस तर नायलॉनचीसुद्धा वाळणार नाही. उघड्यावर, वाऱ्यात, दोन कपड्यांत बोटभर अंतर ठेवून. कोणी बघितलं तर बघू दे.

आता किती घ्यायचं. निकर चार: एक अंगात, एक दोरीवर, एक कोरडी राखीव आणि चौथी पाळीच्या दिवसांसाठी. डझनभर नेऊन काय होतं ते सांगते. मुली धुणं साठवतात, मळक्याची पिशवी कुबट होते, तिचा वास कोऱ्या कपड्यांना लागतो. चारच असल्या की रोज धुवावंच लागतं. पाळीची ती खास शोषणारी निकर नेऊ नकोस, तिच्यात थरावर थर असतात, वाळायला फार वेळ घेते. पाळीचा कप वापरायची सवय असेल तर उत्तम. नसेल तर जायच्या आधी दोन-तीन महिने घरी सवय कर, प्रवासात शिकू नकोस. बराच वेळ चालायचं असेल त्या दिवशी मांडीपर्यंत येणारी लांब निकर घाल, नाहीतर मांड्या घासून सोलवटतात.

बाकी दोन टी-शर्ट, एक पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन ट्रेक पँट. देवळात जायला एक जॉर्जेटचा कुर्ता आणि मलमलची ओढणी. लेगिंग नको, ती बहुधा सुती लायक्राची असते आणि तिला वाळायला जीन्सच्या खालोखाल वेळ लागतो. स्पितीसाठी पातळ मेरिनो लोकरीचा एक बनियन घे, महाग पडला तरी. लोकर पॉलिएस्टरइतकी झटपट वाळत नाही, पण ओली असली तरी ऊब देते आणि दोन-तीन दिवस वास मारत नाही. पॉलिएस्टरचा तो दोष आहेच: अंगाचं तेल धरून ठेवतं आणि घाणेरडा वास मारतं. त्यावर उपाय रोज धुणं, एवढाच. आणि कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव वापरू नकोस. त्याचा थर धाग्यावर बसला की घाम ओढून घेणं कमी होतं.

तू म्हणशील, मावशी, एवढ्या नियमांत फिरायची मजा काय राहिली? मजा कोरड्या अंगाची असते गं. अरुणाचलातल्या तवांगच्या थंडीत पहाटे उठून दमट ब्रा घालावी लागली की त्या दिवशी डोंगर दिसत नाही, फक्त कुडकुडणं आठवतं.

शनिवारी रात्री नऊला धू, रविवारी सकाळी सहाला इलॅस्टिक चिमटीत धर आणि मला फोन कर. मी उठलेली असते. पास झालं तरच आणखी तीन निकर, एक ब्रा आणि एक टी-शर्ट आणायला मेनरोडला जाऊ. दोरी विकत घेऊ नकोस, दोन पदरांना पीळ घातलेली माझ्याकडे आहे, तिच्या पिळातच कपड्याची कड खोचायची, चिमटे लागत नाहीत. ती घेऊन जा. जीन्स घरी.

तुझी,
मावशी