सातवा सोनाटा वाजवायला घेतलास म्हणून

चि., अनेक आशीर्वाद.

रेकॉर्डिंग ऐकलं. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचा सातवा पियानो सोनाटा, आणि त्यातही थेट तिसरी मूव्हमेंट, म्हणजे शेवटचा भाग! हमखास टाळ्या तिथेच मिळतात म्हणा. सूर जवळपास सगळे बरोबर आहेत. लय मात्र पळते आहे.

सात अष्टमांशांचं, म्हणजे सात मात्रांचं, माप दिसलं की तबला शिकलेल्यांना रूपक ताल आठवतो. तुलाही आठवलाय, ऐकू येतंय. पण रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन, इथे दोन-तीन-दोन. तू वजन भलतीकडे टाकतेस आणि शेवटचे दोन गिळतेस, म्हणून पुढचं माप आधीच येऊन धडकतं. काही दिवस डावा हात एकटा वाजव. बी फ्लॅट, सी शार्प, बी फ्लॅट, ही हट्टी आकृती पेडलशिवाय, निम्म्या लयीत, तोंडाने गट मोजत. ठोके देणारा मेट्रोनोम अष्टमांशावरच लाव. मापाच्या पहिल्या ठोक्यावर लावलास तर आतली चोरी पकडली जाणार नाही.

मनगट भरून येतं म्हणालीस. प्रत्येक कॉर्डनंतर हात सैल सुटला पाहिजे. दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही. आणि पहिल्याच पानावर सगळा आवाज खर्च करू नकोस, शेवटच्या उड्यांसाठी काही शिल्लक ठेव. पियानोवादक रिश्टरने हा सोनाटा चार दिवसांत बसवला आणि १८ जानेवारी १९४३ रोजी मॉस्कोत पहिल्यांदा वाजवला, हे मला ऐकवू नकोस. तो रिश्टर होता.

‘स्टालिनग्राड सोनाटा’ या टोपणनावामुळे तुला सगळीकडे रणगाडेच दिसताहेत. प्रोकोफिएव्हने हे काम १९३९ मध्ये हाती घेतलं, तेव्हा जर्मनीने रशियावर हल्लाही केला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा नाट्यदिग्दर्शक मित्र मेयरहोल्ड स्टालिनच्या पोलिसांकडून पकडला गेला. फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याच १९३९ च्या डिसेंबरात स्टालिनच्या साठीनिमित्त प्रोकोफिएव्हचा गौरवपर कँटाटा, म्हणजे वृंदगायनाची रचना, वाजला. या सोनाट्याला तर पुढे स्टालिन पारितोषिकच मिळालं! सरळ अर्थ लावायचा मोह मलाही होतो, पण लावत नाही. एवढंच म्हणेन की पहिल्या मूव्हमेंटवर ‘इन्क्विएतो’, म्हणजे अस्वस्थ, असं लिहिलंय आणि ती अस्वस्थता नुसत्या जोराने येत नाही.

मधली संथ मूव्हमेंट, अँडान्ते, तू सोडूनच दिलीस. मला विचारशील तर सोनाट्याचा जीव तिथे आहे. ई मेजरमधली तिची ऊबदार धून जर्मन संगीतकार शूमानच्या ‘वेमुट’ या गीताशी मिळतीजुळती आहे. आनंदात असल्यासारखं गाता येतं, पण आतून रडू दाटतं, अशा अर्थाचं ते गीत. आधी ते ऐक, मग धून स्वतः गा. गाताना श्वास घेशील तिथेच बोटांनीही घ्यायचा. पुढे घंटा वाजू लागतात, तिथे हातोडे मारू नकोस. खांद्यातून वजन सोड आणि नाद घुमू दे.

रविवारी फक्त अँडान्तेची पानं आण. तिसरी मूव्हमेंट मी ऐकणार नाही. डाव्या हाताचं मात्र विचारणार आहे.

तुझे,
सर