‘अभिशाप’ म्हणजे नक्की काय? तो शिवी या अर्थाने वापरता येतो का?

नाही, ‘अभिशाप’ म्हणजे शिवी नव्हे; एखाद्याचे अनिष्ट व्हावे म्हणून उच्चारलेली शापवाणी म्हणजे अभिशाप. संस्कृत ‘शप्’ धातूला ‘अभि’ हा उपसर्ग लागून तो बनला आहे. शिवी समोरच्याचा अपमान करते, शाप त्याचे पुढचे भविष्य बिघडावे असे म्हणतो. म्हणून ‘त्याने मला अभिशाप दिले’ असे लिहून शिवीगाळ सुचवता येणार नाही. तिथे ‘शिव्या दिल्या’ किंवा औपचारिक लेखनात ‘अपशब्द वापरले’ असेच लिहावे.

मराठीत शाप देण्याच्या क्रियेसाठी साधा ‘शाप’च रुळला आहे: दुर्वास शकुंतलेला शाप देतात, आणि त्यातून सुटकेची वाट म्हणजे उःशाप. वादविवादाचा विषयसुद्धा ‘विज्ञान : शाप की वरदान’ असाच असतो. ‘अभिशाप’ आपल्याकडे जास्त करून लाक्षणिक अर्थाने येतो, जसे ‘अस्पृश्यता हा समाजावरचा अभिशाप होता’. विशेषण हवे असेल तर ‘अभिशप्त’ वापरा, ‘अभिशापित’पेक्षा ते मला कधीही सरस वाटते. दुखावलेल्या माणसाच्या मनातून निघालेल्या शापासाठी मात्र ‘तळतळाट’इतका नेमका शब्द दुसरा नाही, तिथे संस्कृत शब्द घालून वाक्य निर्जीव करू नका.

जुने संस्कृत वाचताना एक सांभाळा: अमरकोशात ‘अभिशाप’चा अर्थ ‘मिथ्याभिशंसन’, म्हणजे खोटा आळ, असा दिला आहे. तिथे शापाचा अर्थ लावला तर संदर्भच चुकतो.