डेन्मार्क ते सॅनपीट : आधी साल शोधा, मग वाट

तुमच्या मिस्टरांच्या आजीकडून आलेली माहिती एवढीच आहे: खापरपणजोबा डेन्मार्कचे, मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) झाल्यावर अमेरिकेत आले, हातगाडी ओढत मैदानं पार केली आणि १८४७ साली पंथाचे नेते ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबर सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. आडनाव ‘सेन’ने संपणारं, गाव युटातल्या सॅनपीट काउंटीतलं एफ्रायम. मुलांसाठी वंशावळ करायची आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेने गाडी घेऊन जायचं आहे. मी इथे युटात बरीच वर्षं अशा घराण्यांचे कागद लावायला मदत करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हे सगळं एकाच माणसाच्या बाबतीत खरं असणं शक्य नाही. १८४७ च्या पहिल्या तांड्यात १४३ पुरुष, ३ बायका आणि २ मुलं होती. त्यांची नावनिशीवार यादी उपलब्ध आहे. तिच्यात एक डॅनिश माणूस आहे खरा: हान्स ख्रिश्चन हान्सन, खलाशी, मुक्कामावर फिडल वाजवणारा. पण तो आधीपासून अमेरिकेत होता. डेन्मार्कमध्ये मिशनरी पोचले तेच मुळी जून १८५० मध्ये, इरॅस्टस स्नो यांच्यासोबत. आणि हातगाड्या निघाल्या फक्त १८५६ ते १८६० या काळात, एकूण दहा तांडे, साधारण तीन हजार माणसं. १८५८ साली तर अमेरिकन सैन्य आणि युटाचे रहिवासी यांच्यात तणाव असल्यामुळे एकही निघाला नाही.

पण आजींची गोष्ट खोटी म्हणून बाजूला टाकू नका. चार पिढ्यांत दोन-तीन माणसांच्या हकिकती एकाच्या नावावर जमा होतात. कदाचित हातगाडी खापरपणजीच्या भावाने ओढली असेल आणि खापरपणजोबा बैलगाडीच्या तांड्यात असतील. तो धागा नंतर उपयोगी पडतो.

म्हणून सुरुवात १८४७ पासून नको, एफ्रायमच्या कबरस्तानापासून करा आणि मागे जा. युटात १९०४ नंतरचे मृत्यूचे दाखले ऑनलाइन फुकट बघायला मिळतात. आईवडिलांची नावं त्यात असतात, पण ती ज्याने सांगितली त्याच्या आठवणीवर अवलंबून. मग १९०० ची जनगणना काढा. परदेशात जन्मलेल्या प्रत्येकाला त्या वेळी अमेरिकेत आल्याचं साल विचारलेलं आहे. उत्तर वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे असतं, पण दिशा पक्की मिळते. त्यानंतर १८६० आणि १८७० ची पानं उघडून मुलांची जन्मस्थळं ओळीने वाचा. मोठी दोन मुलं डेन्मार्क, तिसरं आयोवा, चौथं युटा असं दिसलं, तर तिसऱ्याच्या जन्मसालापासून चौथ्याच्या जन्मसालापर्यंत शोधायचं. त्याच दरम्यान कुटुंबाने मैदानं पार केली. याहून भरवशाचा पुरावा सहसा मिळत नाही, कारण तो कुणी मुद्दाम घडवलेला नसतो. १८५६ च्या युटा टेरिटरीच्या जनगणनेवर मात्र विसंबू नका. राज्याचा दर्जा मागताना लोकसंख्या जास्त दिसावी म्हणून ती फुगवलेली आहे.

साल एकदा हातात आलं की वाट जवळजवळ ठरते, आणि इथेच बहुतेक लोकांचा नकाशा चुकतो. ते इलिनॉयमधल्या नॉवूपासून, म्हणजे मॉर्मनांच्या आधीच्या शहरापासून, रेघ ओढतात. नॉवू सोडायला सुरुवात झाली ४ फेब्रुवारी १८४६ ला. त्यानंतर युरोपातून आलेल्या बहुतेकांनी ते शहर पाहिलंसुद्धा नाही. तुमच्या मिस्टरांच्या पूर्वजांनीही पाहिलं नसणार.

१८५३ साली आले असतील तर फॉर्सग्रेन यांच्या तांड्याची शक्यता मोठी. ही मंडळी डिसेंबर १८५२ मध्ये कोपनहेगनहून आगबोटीने कीलला, तिथून हॅम्बुर्ग, समुद्र ओलांडून इंग्लंडमधलं हल, रेल्वेने लिव्हरपूल अशी गेली. १६ जानेवारी १८५३ ला ‘फॉरेस्ट मोनार्क’ जहाज २९७ स्कँडिनेव्हियन लोकांना घेऊन निघालं आणि मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सला लागलं. मिसिसिपीतून बोटीने वर, आयोवातल्या कीओककला बैल-गाड्यांची जमवाजमव, आणि ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक. त्यांच्यातले पुष्कळ जण लगेच सॅनपीटला पाठवले गेले. म्हणून त्या भागात आजही ‘सेन’वाली आडनावं एवढी आहेत.

१८५४ ला तयारीचं ठिकाण कॅन्ससच्या सीमेवरचं वेस्टपोर्ट होतं, १८५५ ला ॲचिसनजवळचं मॉर्मन ग्रोव्ह. त्या दोन वर्षांची वाट सुरुवातीला दक्षिणेकडून येते, आयोवा लागतच नाही. १८५५ पासून न्यू ऑर्लिन्सही सुटलं. नदीच्या प्रवासात कॉलऱ्याने फार माणसं गेली होती. जहाजं न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टनला लागू लागली. १८५६ ते ५८ रेल्वेने आयोवा सिटी, १८५९ ते ६३ मिझूरी नदीकाठचं फ्लोरेन्स (आता ते ओमाहाचा भाग आहे), १८६४ ते ६६ नेब्रास्कातलं वायोमिंग नावाचं छोटं गाव. हे वायोमिंग राज्य नव्हे, फार जण तिथे फसतात. १८६१ पासून चर्चच्या गाड्याच युटाहून खाली यायच्या आणि त्याच हंगामात लोकांना घेऊन परत जायच्या. पुढे रुळांचं टोक जसं पश्चिमेकडे सरकलं तसा पायी प्रवास कमी झाला, आणि १० मे १८६९ ला प्रोमंटरीला दोन्हीकडचे रूळ जुळल्यावर संपलाच. ‘पायोनियर’ म्हणून गणना होते ती त्या तारखेआधी आलेल्यांची.

आता नाव शोधायचं कुठे? ‘चर्च हिस्टरी बायोग्राफिकल डेटाबेस’ मध्ये तांड्यांच्या याद्या आहेत, ‘सेंट्स बाय सी’ मध्ये जहाजांच्या. दोन्ही फुकट, आणि चर्चचं सदस्य असायची गरज नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवरही मोफत खातं उघडता येतं. नाव सापडलं नाही तर माणूस आलाच नाही असं समजू नका. काही तांड्यांच्या मूळ याद्या टिकलेल्या नाहीत, त्या रोजनिशी आणि आठवणींवरून जुळवलेल्या आहेत. आणि सापडलं तर तिथे थांबू नका. त्याच तांड्यातल्या इतरांच्या रोजनिशींचे उतारे तिथेच जोडलेले असतात. तुमच्या माणसाने एक ओळ लिहिली नसेल, पण शेजारच्या गाडीतल्या कुणीतरी रोजचा मुक्काम, पाणी, मेलेला बैल, जन्मलेलं मूल सगळं लिहून ठेवलेलं असतं. खरा मार्ग तिथून मिळतो.

डॅनिश नावांबाबत आपल्याला मराठी माणूस म्हणून एक फायदा आहे, वडिलांचं नाव नावात असणं आपल्याला नवीन नाही. पेडरचा मुलगा येन्स म्हणजे येन्स पेडरसेन, आणि येन्सचा मुलगा हान्स म्हणजे हान्स येन्सेन. आडनाव पिढीगणिक बदलतं. त्यामुळे डेन्मार्कमध्ये एकाच आडनावाने तीन पिढ्या मागे जाऊ बघाल तर दुसऱ्याच घरात शिराल. बायका लग्नानंतरही बापाच्याच नावाने नोंदलेल्या असतात, जहाजाच्या यादीतसुद्धा. म्हणून नवऱ्याच्या आडनावाने बायको सापडली नाही तर घाबरू नका. डॅनिश चर्चच्या नोंदवह्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. बाप्तिस्मा, लग्न यांच्याबरोबर गाव सोडून गेलेल्यांची यादीही अनेक वह्यांत असते. ती जरूर बघा. कोपनहेगन पोलिसांची स्थलांतरितांची नोंद लोक पहिल्यांदा उघडतात, पण ती १८६९ पासून सुरू होते, तुमच्या कामाची नाही.

फॅमिलीसर्चच्या झाडात खापरपणजोबा आधीच कुणीतरी घातलेले असणार. ते झाड सामाईक आहे, कुणीही बदल करू शकतं, आणि दोन वेगळे येन्स हान्सन एक करून टाकलेले मी फार वेळा पाहिलेत. प्रत्येक नात्याखाली कोणता कागद जोडलाय ते बघा. कागद नसेल तर ती फक्त सूचना समजा. त्या काळात बहुपत्नीत्व होतं, हेही ध्यानात घ्या. एका घरात दोन-तीन आया, एखादी विधवा नंतर दुसऱ्याच्या घरात, तिची मुलं सावत्र बापाच्या आडनावाने, असं सर्रास दिसतं. कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांशी हे बोलताना जरा सांभाळून बोला, काही घरांत तो अजून नाजूक विषय आहे.

साल १८५६ निघालं आणि जहाज ‘थॉर्नटन’ असेल, तर तुम्ही विली यांच्या हातगाडी तांड्यापाशी पोचलात. मे महिन्यात लिव्हरपूल सोडलेली ही माणसं जुलैच्या मध्याला आयोवा सिटीहून निघाली. हातगाडीमागे पाच माणसं, मोठ्या माणसाला सतरा पौंड सामान, तेवढ्यात अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी सगळं. उशीर झालाच होता. ऑक्टोबरच्या १९ तारखेला वायोमिंगच्या उंचावर बर्फ कोसळलं, पीठ संपत आलं होतं. रॉक क्रीकला एकाच खड्ड्यात तेरा जणांना पुरलं. मदतीच्या गाड्या युटाहून आल्या म्हणून बाकीचे ९ नोव्हेंबरला पोचले. मागून येणारा मार्टिन यांचा तांडा ३० नोव्हेंबरला. दोन्ही मिळून दोनशेहून जास्त माणसं वाटेत गेली. त्या यादीत घरातलं नाव दिसलं तर मुलांना ते शांतपणे, पूर्ण सांगा.

पण १८५७ चा ख्रिश्चन ख्रिश्चनसेन यांचा तांडाही आधी तपासा. तो बहुतेक सगळा स्कँडिनेव्हियन होता, आणि ‘डॅनिश आणि हातगाडी’ म्हटलं की माझी पहिली शंका तिथेच जाते.

गाडीने जाणार असाल तर आयोवा भराभर पार करा आणि वेळ नेब्रास्का-वायोमिंगला द्या. मॉर्मनांची मुख्य वाट प्लॅट नदीच्या उत्तर काठाने जाते, ओरेगॉनला जाणाऱ्यांची दक्षिण काठाने. पहिल्या तांड्यातल्या विल्यम क्लेटन यांनी १८४७ मध्ये चाकाला लाल कापड बांधून फेरे मोजले होते, ३६० फेरे म्हणजे एक मैल. नंतर तांड्यातच लाकडी अंतरमापक तयार झाला, आणि त्या आकड्यांवर आधारलेली त्यांची मार्गदर्शिका १८४८ ला सेंट लुईसमध्ये छापली गेली. ती ऑनलाइन आहे. मुक्कामांची अंतरं तिच्यावरून आजच्या नकाशावर बसवता येतात. स्कॉट्सब्लफजवळ रिबेका विंटर्स यांची कबर चुकवू नका. १८५२ च्या ऑगस्टमध्ये त्या कॉलऱ्याने गेल्या. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून एका स्नेह्याने तिच्यावर छिन्नीने नाव आणि वय कोरलं. हजारो निनावी कबरींच्या वाटेवर ते नाव पन्नासेक वर्षांनी रेल्वेच्या मोजणीदारांना वाचता आलं, आणि त्यांनी रूळ बाजूने नेले. पुढे इंडिपेंडन्स रॉक, मार्टिन्स कोव्ह, साउथ पास, आणि शेवटी एमिग्रेशन कॅन्यन.

मुलांना आपल्याकडचाही एक धागा सांगा. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे मिशनरी मुंबईत उतरले आणि पुण्यात त्यांनी पंथाची छोटी शाखा सुरू केली. कलकत्त्यातले लष्करी अधिकारी मॅथ्यू मॅकक्यून तर कुटुंबासह १८५७ ला युटात पोचले. त्यांचा कलकत्त्यात जन्मलेला मुलगा आल्फ्रेड पुढे खाणी-रेल्वेतला मोठा उद्योजक झाला, त्याचा वाडा सॉल्ट लेक सिटीत आजही उभा आहे.

आधी दोनच गोष्टी मिळवा: कबरीच्या दगडाचा फोटो आणि १९०० च्या जनगणनेचं पान. त्या इथे टाका. डॅनिश वह्यांतलं जुनं गॉथिक वळण वाचायला अडलं तर तो भाग मी वाचून देतो.