मोनोसाइट वाढवल्या, परिपक्व केल्या की घडवल्या?

नागपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय की, त्यांच्या लेखात ‘रक्तातल्या मोनोसाइट वाढवून मॅक्रोफेज मिळवल्या’ असं वाक्य होतं. (मोनोसाइट म्हणजे रक्तातली एक प्रकारची पांढरी पेशी, मॅक्रोफेज म्हणजे जंतू वगैरे गिळणारी मोठी पेशी.) संपादकांनी ‘वाढवून’ खोडून ‘परिपक्व करून’ असं केलं. यातलं बरोबर कोणतं?

‘वाढवून’ खोडलं ते योग्यच झालं. मराठीत वाढणं आकाराचंही असतं आणि संख्येचंही. जिवाणू वाढवले म्हटलं की हजाराचे लाख झाले असंच आपण समजतो. मोनोसाइटचं तसं होत नाही. डिशमध्ये जेवढ्या घातल्या त्याहून जास्त मॅक्रोफेज सहसा हाती लागत नाहीत, उलट काही पेशी मरतातच. त्या विभागत नाहीत, बदलतात.

हा बदल होतो कसा, ते बघितलं की क्रियापद निवडणं सोपं जातं. दात्याचं रक्त पातळ करून १.०७७ घनतेच्या द्रावणावर अलगद सोडतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात आणि मध्ये एक धूसर पांढरट कडं दिसतं. त्यात मोनोसाइट आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. ते कडं उचलून प्लास्टिकच्या डिशमध्ये तास-दोन तास ठेवलं की मोनोसाइट तळाला चिकटतात आणि बहुतेक लिम्फोसाइट धुऊन निघतात. मग ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पोषक द्रवात एम-सीएसएफ नावाचं प्रथिन. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, चकाकत्या पेशी दिसतात. सहाव्या-सातव्या दिवशी त्याच पेशी चांगल्या मोठ्या होऊन तळावर पसरलेल्या असतात, काही दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या. डिश हलवली तरी सुटत नाहीत.

आता ‘परिपक्व’. विदर्भात कैरी माचात, म्हणजे अढीत, घालतात आणि तिचा आंबा होतो. झाडावरून उतरवल्यावरही पिकते आणि पिकल्यावर नावही बदलतं. मोनोसाइटही शरीराबाहेर काढल्यावर बदलते, तिचंही नाव बदलतं. त्यामुळे संपादकांना तो शब्द का सुचला असावा, हे समजतं. पण कैरीचा आंबाच होणार. मोनोसाइटचं काय होणार हे तिला काय दिलं त्यावर ठरतं. जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-४ ही प्रथिनं दिली तर डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतली वेगळीच पेशी, होते. एम-सीएसएफच्या जोडीला रँकल नावाचं प्रथिन दिलं तर हाड झिजवणारी ऑस्टिओक्लास्ट. असलं काहीच दिलं नाही, तर बहुतेक पेशी काही दिवसांत मरून जातात. ‘परिपक्व’ म्हटलं की शेवट आधीच ठरलेला आहे असं वाटतं, आणि इथं तो ठरलेला नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मॅक्रोफेज म्हणजे मोनोसाइटची प्रौढ अवस्था, अशी समजूत या शब्दानं पक्की होते. मेंदूतल्या मायक्रोग्लिया मॅक्रोफेजच्याच कुळातल्या, पण त्या कधी मोनोसाइट नव्हत्याच. भ्रूणावस्थेत पीतक कोशातून, म्हणजे भ्रूणाला जोडलेल्या पिशवीतून, निघून त्या मेंदूत येऊन राहतात. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफनं तारामाशाच्या अळीत काटा टोचून त्याभोवती गोळा होणाऱ्या पेशी पाहिल्या आणि अशा पेशी भक्षण करतात हा विचार मांडला. पुढे मॅक्रोफेज, म्हणजे मोठी भक्षक, हे नाव पडलं तेही कामावरून, वयावरून नव्हे.

एका पेशीचं असं वेगळ्या प्रकारच्या पेशीत बदलणं, याला पाठ्यपुस्तकात ‘विभेदन’ म्हटलंय. परीक्षेत तेच लिहावं. मासिकाच्या वाचकाला मात्र त्यातून काही कळणार नाही, म्हणून मी ‘घडवणं’ घेईन: ‘रक्तातून वेगळ्या काढलेल्या मोनोसाइट सहा-सात दिवस एम-सीएसएफमध्ये ठेवून त्यांपासून मॅक्रोफेज घडवल्या.’ पेशी स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘घडवल्या’ हे रूपही नीट बसतं.

‘परिपक्व’ टाकून द्यायची गरज नाही. अस्थिमज्जेत मोनोब्लास्ट या आधीच्या पेशीची प्रोमोनोसाइट आणि तिची मोनोसाइट होते, तिथं वाट बरीचशी ठरलेली असते. त्या वाक्यात तो शब्द खुशाल ठेवा.