'डॉक्टर हू'मधले डॅलेक म्हणजे नाझीच का?

हो, आणि हा अर्थ ओढूनताणून काढलेला नाही. डॅलेक म्हणजे या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतले यंत्रकवचात राहणारे परग्रही खलनायक. ते १९६३ च्या डिसेंबरात बीबीसीवर आले, तेव्हा महायुद्ध संपून जेमतेम १८ वर्षं झाली होती. त्यांचे जनक, लेखक टेरी नेशन यांचं बालपण युद्धकाळातल्या कार्डिफमध्ये गेलं. आपल्यासारखा नसेल त्याला मारायचं, एवढंच डॅलेकना कळतं. १९७५ च्या 'जेनेसिस ऑफ द डॅलेक्स' या डॅलेकांच्या जन्मकथेत तर त्यांना घडवणाऱ्या लोकांचे काळे गणवेश, टाचा जुळवून सलाम, आणि सुरुवातीच्या भागांत त्यांच्यातल्या नायडर या अधिकाऱ्याच्या गणवेशावर चक्क आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन लष्करी पदक!

पण मला त्याहून मोठा वाटतो तो याच कथेतला एक प्रसंग. मालिकेचा नायक डॉक्टर, त्याच्या हातात स्फोटकांच्या दोन वायरी. जोडल्या की डॅलेक जन्माआधीच संपणार. आणि तो थांबतो. अख्खा वंश पुसून टाकायचा हक्क मला आहे का, असं विचारतो.