तो म्हणतो, प्रयोगाला बसू नकोस

प्रश्न : अकरा महिन्यांपूर्वी नाटक संपल्यावर मी त्यातल्या नटाला भेटायला आत गेले. मेकअप पुसता पुसता तो म्हणाला, "दुसऱ्या अंकात भलत्याच जागी हसलात, त्या तुम्हीच ना?" तिथून सुरुवात झाली. त्यांचे दौरे कायम चालू. मी सात प्रयोग पाहिले, भेटीही तेवढ्याच. रोज रात्री एक-दीडला त्याचा फोन येतो. आता म्हणतो, "भेटायला ये, पण प्रयोगाला बसू नकोस." तिथे दुसरी कोणी बसते का?
— एक वाचक, वय ३४

उत्तर : बसतही असेल, मला इथून कसं कळणार? पण एकोणीस वर्षं मी दौऱ्यांवर काढली आणि हेच वाक्य एकाला ऐकवलं होतं, म्हणून सांगते.

दिवे डोळ्यांवर असले की पहिल्या दोन रांगांपलीकडे आम्हाला नुसता काळोख. माणसं फक्त ऐकू येतात. माझा 'तो' खोकायचा. दोन छोटे खोकले, लागोपाठ. ते कानावर आले की मी भूमिका सोडून त्याच्यासाठी वाक्यं टाकायला लागायचे. सहकलाकार चिडायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. प्रयोगानंतर त्याला पुन्हा नाटकातलीच बाई हवी असायची. मी तर तेव्हा सेट टेम्पोत चढेपर्यंत कोपऱ्यात सुजलेले पाय चोळत बसलेली.

संगीतकार बर्लिओझने १८२७ साली पॅरिसमध्ये, दौऱ्यावर आलेल्या इंग्रज नाटकमंडळीच्या 'हॅम्लेट'मध्ये, हॅरिएट स्मिथसनला ऑफीलिया म्हणून पाहिलं आणि तो वेडा झाला. इंग्रजी त्याला धड कळतही नव्हतं! त्याच्या पत्रांनी ती घाबरली. त्या ध्यासातून त्याने अख्खी सिम्फनी लिहिली. १८३३ मध्ये लग्न झालं, तोवर तिचे यशाचे दिवस सरले होते. घरात आली ती ऑफीलिया नव्हे, डोक्यावर कर्ज असलेली हॅरिएट. दहा-अकरा वर्षांत दोघं वेगळी झाली. पण १८५४ साली ती जाईपर्यंत तिचा खर्च त्यानेच चालवला. या वाक्यापाशी मी दर वेळी अडते.

रात्री दीडच्या फोनवर फार भिस्त ठेवू नका. प्रयोगाची झिंग उतरायला दोन तास लागतात, तेव्हा कोणाशी तरी बोलावंसं वाटतंच. प्रयोग नसलेल्या दिवशी जा. तो दुपारी बाराला उठून, कपडे पिळत काय बोलतो ते ऐका. कंटाळवाणा वाटला तर आणखी एकदा जा. आणि प्रयोगाला बसू नका. तुमचं ते भलत्या जागचं हसू त्याला अजून ऐकू येत असणार, तेवढ्यासाठीच तो नको म्हणत असेल.

माझ्या 'त्या'ला अपमान वाटला. भेटणंच बंद केलं त्याने. चार वर्षांनी एका प्रयोगात मागच्या रांगांतून दोन छोटे खोकले आले. वाक्य चुकलं नाही माझं. पॉज मात्र जरा लांबला. नंतर मी बराच वेळ मेकअप उतरवत बसले. आत कोणी आलं नाही.