लसणाचा गड्डा बारीक होतोय, बेणं बदलू का?

प्रश्न : वडलांपासून घरचंच लसणाचं बेणं लावतोय. आता गड्डा दरवर्षी बारीक निघतोय, पातीवर लांब पिवळ्या रेघा दिसतात. फवारण्या झाल्या, फरक नाही. व्हायरस-फ्री बेणं कसं बनवतात आणि ते घ्यावं का? – एक शेतकरी, ता. जुन्नर

उत्तर : दादा, वर्णनावरून तरी हा व्हायरसच वाटतो आणि त्यावर औषध नाही, फवारणीवर अजून पैसे घालू नका. मावा पातीला नुसती सोंड टोचतो तेवढ्या सेकंदांत व्हायरस आत जातो, औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. कांद्याचं बरं असतं, तो बियांपासून नव्याने येतो म्हणून बराचसा व्हायरस मागे राहतो, पण आपल्या लसणाला बी धरत नाही, पाकळीच लावायची, म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांचा व्हायरस त्या पाकळीतूनच पुढे येतो.

लॅबमध्ये काय करतात तर पाकळीच्या आतल्या कोंबाचं अगदी टोक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, मायक्रोस्कोपखाली कापून काढतात कारण तिथे व्हायरस सहसा पोचलेला नसतो. बऱ्याचदा त्याआधी पाकळ्या 36-37 अंशांवर काही आठवडे ठेवतात. तुकडा जितका लहान तितका स्वच्छ, पण जगायची शक्यताही तितकी कमी, म्हणून हे काम महाग पडतं. मग बाटलीत रोप वाढवायचं आणि व्हायरस राहिलाय का ते बघायला एलायझा किंवा पीसीआर टेस्ट करायची, पास झालेलीच रोपं पुढे इन्सेक्ट नेटमध्ये, म्हणजे मावा शिरणार नाही अशा बारीक जाळीत जातात. पहिले गड्डे बारके असतात, विकण्याएवढं बेणं व्हायला दोन-तीन हंगाम सहज जातात.

त्यामुळे नुसतं 'टिश्यू कल्चर' (असं लॅबमध्ये बाटलीत वाढवलेलं) ऐकून पैसे देऊ नका, टेस्टचा रिपोर्ट मागा, कोणकोणते व्हायरस तपासले तेही विचारा. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय तुम्हाला जवळच आहे, आधी तिथे जाऊन या.

घ्यावं का, तर हो, पण सगळ्या रानाचं एकदम नको. उघड्यावर लावलं की मावा पुन्हा व्हायरस आणतोच, आणि साठवणीत पाकळ्यांमध्ये राहणारी बारीक कोळी कीडसुद्धा काही व्हायरस पसरवते. थोडंसंच घ्या, जुन्या लसणापासून आणि कांद्यापासून लांब, नेटखाली लावा आणि दरवर्षीचं बेणं त्यातूनच काढा.

तोवर घरच्या पिकात लागणीनंतर दीड महिन्याने फिरा, रेघा पडलेली खुरटी झाडं उपटून टाका, जोमदार झाडांशेजारी काडी रोवा. दिसायला चांगलं झाड व्हायरस-फ्रीच असेल असं नाही, पण व्हायरसचं प्रमाण कमी राहतं. त्या झाडांचे गड्डे वेगळे वाळवा आणि ऑक्टोबरात त्यांच्याच बाहेरच्या मोठ्या पाकळ्या लावा.